पऱ्हाटीचा कोळसा : एका नव्या धंद्याची खतावणी



मागील दोन अंकांत आपण मुदत ठेवींवरील करकपात आणि नामनिर्देशन या विषयांचा विचार केला. या वेळचा विषय थोडा निराळा आहे, परंतु त्याच्याही मुळाशी जमाखर्चच आहे. विदर्भातील एका वाचकांचे पत्र आले. घरात तीन पिढ्यांचा जिनिंगचा व्यवसाय, जोडीला सरकीची तेलगिरणी. अभियांत्रिकी शिकून परतलेल्या चिरंजीवांनी एक नवा कारखाना काढण्याचे मनात घेतले आहे. कापसाची वेचणी संपल्यावर शेतकरी उपटून टाकतात ती पऱ्हाटी विकत घ्यायची, बंद भट्टीत तापवून तिचा कोळसा करायचा, तो शेतजमिनीत मिसळायचा आणि त्याबद्दल परदेशी कंपन्यांकडून कार्बन क्रेडिटचे पैसे घ्यायचे, अशी ती योजना. वडिलांना प्रश्न पडला आहे तो भांडवलाचा. आजींना पडला आहे तो वेगळाच. ‘कोळसा पाडण्याचा धंदा, आणि तो आपल्या घरात?’ असे त्यांनी विचारले, आणि त्यावर घरात कोणापाशी उत्तर नव्हते. मला दोन्ही प्रश्न सारख्याच तोलाचे वाटतात. अशा योजना घेऊन सल्लागार मंडळी आता जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरू लागली असल्याने हा विचार जाहीरपणे व्हावा हे बरे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. वनस्पती वाढते ती हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून. वाळलेल्या पऱ्हाटीच्या वजनात सुमारे ४५ टक्के कार्बन असतो, आणि तो सगळा हवेतून आलेला असतो. पऱ्हाटी शेतात पेटवली की काही तासांत तो हवेत परत जातो. ती कुजू दिली तरी थोड्या वर्षांत बहुतेक भाग परत जातो. परंतु तीच पऱ्हाटी हवा जवळजवळ बंद करून ४०० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानात भाजली, तर तिच्यातील अर्धाअधिक भाग वायू व डांबरासारख्या द्रव्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि मागे काळा, हलका, सच्छिद्र कोळसा उरतो. या कोळशातील कार्बनची घडण अशी असते की जमिनीतील सूक्ष्मजीवांना तो सहजासहजी फोडता येत नाही. यालाच बायोचार म्हणतात. शेगडीत घातला तर कोळसा आणि मातीत घातला तर बायोचार. नाव बदलते ते उपयोगामुळे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

तो मातीत खरोखर टिकतो का, या शंकेला उत्तर दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात मिळते. तेथील मूळ जमीन पिवळसर-तांबडी आणि नापीक आहे. मात्र नदीकाठी जागोजागी गडद काळ्या मातीचे पट्टे आढळतात. पोर्तुगीज भाषेत त्यांना ‘तेरा प्रेता’, म्हणजे काळी माती, असे म्हणतात. वीम सोंब्रुक या डच मृदाशास्त्रज्ञाने १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या मातीचे तपशीलवार वर्णन केले. चुलीतील कोळसा, हाडे, खापऱ्या, खरकटे असे सगळे शतकानुशतके मिसळत गेल्याने तेथील रहिवाशांच्या हातून ती माती तयार झाली. तिच्यातील कोळशाचे वय कित्येक शतके, काही ठिकाणी दोन हजार वर्षांच्या घरात भरते. हवामानबदलाविषयीच्या आंतरसरकारी मंडळाने २०१८ च्या विशेष अहवालात हवेतील कार्बन काढून घेण्याच्या मार्गांमध्ये बायोचारची गणना केली.

आता हिशेब. तीस-पस्तीस वर्षे कर्जाचे प्रस्ताव वाचण्यात गेल्यामुळे प्रकल्प अहवालातील पहिल्या पानापेक्षा शेवटच्या कोष्टकाकडे माझी नजर आधी जाते. एक टन सुक्या पऱ्हाटीपासून चांगल्या भट्टीत सुमारे ३०० किलो बायोचार मिळतो. त्यात कार्बन ७० टक्के धरला तर २१० किलो. एक किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड, या प्रमाणाने ७७० किलो. त्यातून शंभर वर्षांत होणारी झीज आणि वाहतूक, विजेचा खर्च यांतून निघणारा वायू वजा करावा लागतो. हाती ६०० किलोंच्या आसपास श्रेय उरते असे धरू. गेल्या काही वर्षांत बायोचारच्या क्रेडिटचा भाव साधारणपणे टनाला १०० ते २०० डॉलर राहिला आहे. सावधपणे १०० धरला, तर एक टन पऱ्हाटीमागे ६० डॉलर, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास. हेक्टरी तीन टन पऱ्हाटी हा कापूस संशोधनात नेहमी धरला जाणारा आकडा आहे, म्हणजे एकरी सव्वा टनाच्या जवळ. एकरामागे सहा हजार रुपये ढोबळ उत्पन्न! आकडा मोहक आहे. मात्र हे उत्पन्न आहे, नफा नव्हे. त्यातून उपटणी, तुकडे करणे, वाहतूक, साठवण, भट्टी, मजुरी, प्रयोगशाळेची तपासणी, त्रयस्थ पडताळणी आणि व्याज हे सर्व भागायचे आहे.

यातील पहिली मेख साठवणुकीची आणि वाहतुकीची. मोकळ्या पऱ्हाटीची ट्रॉली डोंगराएवढी दिसते, पण काट्यावर उभी केली की टनभरही भरत नाही. म्हणून शेतातच तिचे तुकडे करावे लागतात, आणि तरीही कारखान्यापासून फार दूरचा माल परवडत नाही. शिवाय माल येतो जानेवारीपासून मार्चपर्यंत आणि भट्टी चालवायची वर्षभर. म्हणजे नऊ महिन्यांचा माल उघड्या आवारात रचून ठेवायचा, त्यात खेळते भांडवल अडकवायचे, वाळवी, पाऊस आणि आग यांचा विमा उतरवायचा. ताज्या पऱ्हाटीत पाणी भरपूर असते. वजनावर खरेदी केली तर पाण्याचे पैसे मोजावे लागतात. अर्थात जिनिंगवाल्यांना ओलाव्याची भाषा मी शिकवायला नको.

दुसरी मेख भावाची. माझ्या सेवाकाळात आमच्या विभागीय कार्यालयात एका ब्रिकेट कारखान्याचे, म्हणजे आपण ज्याला पांढरा कोळसा म्हणतो त्याचे, कर्ज थकीत झाले होते. पहिल्या वर्षी शेतकऱ्यांनी काडीकचरा जवळजवळ फुकट दिला. ‘शेत मोकळे करून देता हेच पुष्कळ’ असे ते म्हणत. दुसऱ्या वर्षी गावाने भाव विचारला. तिसऱ्या वर्षी शेजारच्या तालुक्यात दुसरा कारखाना आला आणि भाव कुठल्या कुठे गेला. यंत्र उत्तम होते, मालक सचोटीचे होते. प्रकल्प अहवालात कच्च्या मालाची किंमत मात्र सातही वर्षे एकच धरलेली होती. कचऱ्याला गिऱ्हाईक मिळाले की तो कचरा राहत नाही, हे आडत दुकानात बसणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. तरीही अहवालाच्या कोष्टकात ते विसरले जाते.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे आणि तिच्यात प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. तयार झालेला कोळसा उत्तम इंधनही असतो. वीटभट्टीवाला, ढाबेवाला, कापडाला रंग देणारा कारखानदार, सगळे तो घ्यायला तयार असतात, आणि रोख देतात. शेतकऱ्याला मात्र तो मातीत घालण्यासाठी बहुधा सवलतीत किंवा फुकटच द्यावा लागतो. अशा वेळी कागदावर मातीत पुरलेला कोळसा प्रत्यक्षात मागच्या दाराने शेगडीकडे जाण्याचा मोह उत्पन्न होतो. जळाला की त्यातील कार्बन हवेत गेला, आणि क्रेडिट खोटे ठरले. एकच घर दोन बँकांकडे तारण ठेवण्यासारखा हा प्रकार आहे. इंधन म्हणून विकायचा असेल तर उघडपणे विकावा. दगडी कोळशाची तेवढी बचत होते, हेही काही वाईट काम नव्हे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटापासून स्वयंपाकाचा कोळसा करण्याचे तंत्र बसवले आणि त्याबद्दल २००२ साली त्या संस्थेला इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. तेथे उद्देश सरळ होता, ग्रामीण स्त्रीला धूर न करणारे इंधन मिळावे. साठवण आणि जळण, दोन्हींचे पैसे एकाच गोणीवर घेता येत नाहीत, एवढेच माझे म्हणणे.

भट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूंचे मात्र तसे नाही. पऱ्हाटीतील निम्म्याच्या आसपास ऊर्जा या वायूंबरोबर निघून जाते. त्यांतील काही भाग भट्टी तापती ठेवण्यात खर्च होतो, उरलेला बॉयलरला, वाळवणी यंत्राला किंवा जनित्राला देता येतो. पुष्कळ स्वस्त भट्ट्यांत हा वायू नुसताच सोडून देतात. ते दुहेरी नुकसान होय, कारण न जळालेल्या वायूत मिथेन असतो आणि तापमानवाढीच्या दृष्टीने तो कार्बन डायऑक्साइडहून कितीतरी उपद्रवी आहे. तेव्हा भट्टी पाहायला जाल तेव्हा कोळसा हातात घेऊन पाहण्याआधी धुराड्याकडे पाहावे. धूर दिसत असेल तर तेथे हिशेबही धुरकट आहे असे समजण्यास हरकत नाही.

आता बाजाराविषयी. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीशी २०३० पर्यंत एक लाख टनांच्या बायोचार क्रेडिटचा करार केला. पुढे मायक्रोसॉफ्टनेही याच कंपनीशी महाराष्ट्रातील कापसाच्या पऱ्हाटीवर आधारलेला करार केला. या दोन बातम्यांनीच अनेकांच्या मनात ही कल्पना रुजवली आहे. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना याच बाजाराचे जुने रूप आठवत असेल. क्योटो करारातील स्वच्छ विकास यंत्रणेखाली आपल्याकडील पवनचक्क्या, साखर कारखाने आणि रसायन कंपन्यांना क्रेडिट मिळत असे. २००८ च्या सुमारास त्याचा भाव वीस युरोच्या आसपास होता. २०१२ संपताना तो एक युरोच्याही खाली आला. ज्यांनी त्या उत्पन्नाच्या भरवशावर कर्जाचे हप्ते बांधले होते त्यांचे काय झाले असेल, हे सांगायला नको. बायोचारचा बाजार त्याहून निराळा आहे हे मान्य. येथे कार्बन प्रत्यक्ष काढून घेतला जातो आणि गोणीत मोजता येतो. तरीही गिऱ्हाईक मूठभर आहेत, आणि ते स्वेच्छेने घेत आहेत, कायद्याने नव्हे. आपल्या केंद्र सरकारने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली आहे. ती रुळली तर देशांतर्गत मागणी येईल. तोवर माझा नियम साधा आहे. कर्जफेडीची मुदत सात वर्षांची आणि क्रेडिटच्या विक्रीचा करार तीन वर्षांचा, असे असेल तर उरलेली चार वर्षे कर्ज नव्हे, तर घरची पुंजी जोखमीवर आहे असे मानावे.

शेतकऱ्याला काय मिळते? येथे अ‍ॅमेझॉनच्या काळ्या मातीची गोष्ट सांगून फार मोठी आशा दाखवली जाते. जगभरातील प्रयोगांचे एकत्रित निष्कर्ष असे आहेत की बायोचारने उत्पन्न वाढते ते मुख्यतः उष्ण प्रदेशांतील आम्लधर्मी, निकृष्ट जमिनींत. कोकणातील जांभ्या मातीला तो अधिक मानवण्याजोगा आहे. विदर्भ-मराठवाड्याची काळी जमीन मुळातच अल्कधर्मी आणि चिकणमातीची. बायोचारही बहुधा अल्कधर्मीच असतो. या जमिनीचा रंग काळा असला तरी तिच्यात सेंद्रिय कर्ब फारच कमी उरला आहे. म्हणून बायोचारचा उपयोग होणारच नाही असे नाही. पाणी धरण्यास, माती भुसभुशीत होण्यास तो हातभार लावू शकतो. परंतु कोरडा, कच्चा बायोचार थेट शेतात टाकला तर तो सुरुवातीला पिकाचाच नत्र ओढून धरतो. शेणखतात किंवा कंपोस्टमध्ये काही आठवडे मुरवून मगच तो द्यावा लागतो. ‘पहिल्याच वर्षी उतारा वाढेल’ असे वचन देऊन पऱ्हाटी गोळा करणाऱ्या कंपनीविषयी मला शंका येते. पऱ्हाटीचा रोख भाव आणि शेत वेळेवर मोकळे होणे, हे दोन लाभ खरे. कृषी विद्यापीठे दरवर्षी सांगतात की फरदड घेऊ नका, जानेवारीअखेर पऱ्हाटी शेतातून काढा, कारण उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा वर येते. शेतकरी काडी लावतो त्यामागे आळस नसतो. मजुरीचा खर्च आणि बोंडअळीचे भय, दोन्ही त्याच्या मागे लागलेले असतात.

मात्र सगळीच पऱ्हाटी जळत नाही. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि प्रकल्प अहवालांत तो क्वचितच सापडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भातील कोणत्याही खेड्यात गेल्यास घराच्या मागे, गोठ्याच्या कडेला पऱ्हाटीच्या आणि तुराटीच्या गंजी रचलेल्या दिसतात. ते वर्षभराचे सरपण असते. भूमिहीन मजुरांच्या स्त्रिया शेतमालकाला विचारून पऱ्हाटी उपटून देतात आणि मोबदल्यात ती डोक्यावरून घरी नेतात. गॅसचे सिलिंडर घरी आले तरी पुन्हा भरण्याचे पैसे नेहमी असतातच असे नाही. उद्या पऱ्हाटीला क्विंटलवर भाव मिळू लागला की शेतमालक ती भट्टीकडे पाठवील, आणि चूल पेटवण्यासाठी ती स्त्री बाभळीच्या फांद्या तोडील. कारखान्याच्या वहीत कार्बन जमा झालेला दिसेल आणि गावच्या शिवारात झाड नावे पडलेले असेल. तुरीच्या, सोयाबीनच्या कुटाराचे तर याहून अवघड. ते गुरांच्या दावणीचे अन्न आहे. उसाचे पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवले तर पाणी वाचते आणि माती सुधारते. ते भट्टीकडे नेणे म्हणजे जमिनीचा घास काढून घेणे होय.

म्हणून मी प्रत्येक प्रस्तावाला एकच प्रश्न विचारतो. या भट्टीमुळे कोणती आग विझणार आहे?

शेतातली आग विझणार असेल तर श्रेय खरे आहे. कार्बन बाजाराचे नियमही शेवटी हेच विचारतात, की तुम्ही नसता तर या काडीकचऱ्याचे काय झाले असते. गावोगाव जाऊन, हंगामात डोळ्यांनी पाहूनच याचे उत्तर मिळते. उपग्रहाच्या चित्रावरून शेत पेटल्याचे कळते, चुलीमागची गंज त्यात दिसत नाही.

येथेच आजींच्या प्रश्नाकडे यावे लागते. श्रावकाच्या सातव्या, म्हणजे उपभोग-परिभोग परिमाण व्रतात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या अध्ययनात त्यांची नावे येतात आणि प्रतिक्रमणात आपण ती म्हणतो. त्यांतील पहिलेच नाव ‘इंगालकम्मे’, म्हणजे अंगारकर्म, कोळसे पाडून उपजीविका करणे. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात त्याचा विस्तार करताना विटा भाजण्यासारख्या भट्टीच्या इतर धंद्यांचाही समावेश केला आहे. तेव्हा आजींचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हे. त्यांनी सूत्रातला शब्द बरोबर जागी ठेवला आहे. चिरंजीवांनी त्यावर ‘हा कोळसा नव्हे, बायोचार आहे’ असे उत्तर दिल्याचे पत्रात लिहिले आहे. ते उत्तर टिकणारे नाही. भट्टी तीच, अग्नी तोच.

परंतु त्याच यादीत तेरावे नाव ‘दवग्गिदावणया’ आहे, म्हणजे रानाला, माळाला आग लावणे. उघड्या शेताला लावलेली आग त्याच जातीची. उघड्या आगीत तेउकायाबरोबर मातीच्या वरच्या थरातील असंख्य त्रस जीव होरपळतात, तसे बंद भट्टीत होत नाही. मग कमी हिंसेचा पर्याय निवडला असे म्हणता येईल का? येथे मला सावध राहावेसे वाटते. शेतकरी आग लावतो ते त्याचे कर्म. भट्टी आपण लावू ते आपण करविलेले कर्म. ‘नाहीतरी ते जळणारच होते’ हा युक्तिवाद कार्बनच्या खात्यात चालतो. करणे, करविणे आणि अनुमोदणे असा तिहेरी विचार जेथे आहे तेथे तो तसाच चालेल, असे मी म्हणू शकत नाही. शिवाय वाळत घातलेल्या पऱ्हाटीतही अळ्या आणि किडे असतात. यंत्राने तिचे तुकडे करण्यात अग्नी नाही म्हणून हिंसा नाही असे होत नाही. आणि खरे बोलायचे तर यादीत अकराव्या जागी यंत्रपीडनही आहे. तेलगिरण्या, सोबत भाड्याच्या गाड्या, हे सर्व चालवणाऱ्या आपल्या कुटुंबांनी पहिल्या नावापाशी अडून बाकीच्या नावांवरून पुढे जावे, हेही मला पटत नाही. याचा निर्णय बँक अधिकाऱ्याने देण्याचा नाही. पूज्य मुनिभगवंतांपुढे हा प्रश्न न्यावा. मात्र नेताना ‘कचऱ्यापासून सोने’ अशा शब्दांत नेऊ नये. किती अग्नी, किती महिने, कोणाच्या आज्ञेने आणि कशाच्या बदल्यात, हे सर्व सांगून मग विचारावे.

‘कशाच्या बदल्यात’ या शब्दांत माझ्या मते या कुटुंबापुरती वाट आहे. त्यांच्या तेलगिरणीत बॉयलर आहे आणि त्यात आजही लाकूडफाटा जळतो, असे पत्रातच नमूद आहे. वर सांगितलेला भट्टीचा वायू या बॉयलरला जोडता आला, तर लाकडाची खरेदी कमी होईल, म्हणजे घरात आधीपासून असलेली एक आग लहान होईल. बँकेच्या दृष्टीनेही हाच प्रस्ताव सशक्त आहे. लाकडाच्या बिलातील बचत ही आपल्या हातातली, दरमहा मोजता येणारी मिळकत असते. क्रेडिटचा भाव परदेशातील मोजक्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर अवलंबून असतो. बचतीवर कर्जाचा हप्ता निघत असेल आणि क्रेडिट हा वरचा लाभ असेल, तर मी असा प्रस्ताव पुढे पाठवला असता. याच्या उलट मांडणी असेल तर परत केला असता.

ज्यांना अग्नीचा मार्गच नको आहे त्यांच्यासाठी पऱ्हाटीचे इतरही उपयोग आहेत. मुंबईच्या माटुंग्यातील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचे तंत्र पूर्वीच विकसित केले आहे. फर्निचरमध्ये बसलेला कार्बनही काही वर्षे हवेत जात नाही, मात्र त्याला बायोचारसारखे शतकांचे आयुष्य नाही आणि क्रेडिटचा भावही नाही. शेतातच बारीक कुट्टी करून, ती कुजवून मातीत मिसळणे हा सर्वांत साधा उपाय. बोंडअळीसाठी कुट्टी मात्र खरोखर बारीक हवी आणि ती वेळेवर व्हायला हवी.

पत्रलेखकांना माझी सूचना अशी, की कोटींची यंत्रसामग्री मागवण्याआधी एक पूर्ण हंगाम केवळ खरेदीचा करून पाहावा. जानेवारीत वीस किलोमीटरच्या परिघातील आठ-दहा गावे निवडावी. कोणत्या गावात किती पऱ्हाटी शेतात जळते, किती घरी जाते, उपटून, तुकडे करून, काट्यावर आणून टनाला प्रत्यक्ष काय पडते, याची नोंद मुनीमजींच्या वहीत रोजच्या रोज व्हावी. सरपणासाठी पऱ्हाटी नेणाऱ्या घरांचा वाटा आधी बाजूला काढून मग उरलेला माल मोजावा. तो माल कोणालाही, ब्रिकेटवाल्यालाही, विकता येतो, म्हणून या प्रयोगात बुडण्यासारखे फारसे काही नाही. क्रेडिट खरेदी करणाऱ्या कंपनीचा मसुदा हाती आला तर त्यातील तीन कलमे आधी वाचावी. भाव डॉलरमध्ये आहे की रुपयांत, पडताळणीत क्रेडिट कमी भरले तर दंड कोणावर, आणि कोळसा मातीत घातल्याचा पुरावा शेतकऱ्याने द्यायचा की कारखान्याने. तिसरे कलम बहुधा कारखान्यावरच येते. त्यासाठी प्रत्येक गोणीची पावती, शेताचा गट क्रमांक आणि छायाचित्र ठेवावे लागते. हे काम करणारा विश्वासू माणूस घरात किंवा पेढीवर आहे का, याचाही विचार चिरंजीवांनी यंत्राच्या किमतीइतकाच गांभीर्याने करावा.